नळीत पातळ, शिरेत घट्ट: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट आणि फॅक्टर फाइव्ह लायडनची पार्श्वभूमी

रक्तात गुठळी होण्याचा एक दोष प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा), तो ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट; दुसरा जनुकाचा, तो फॅक्टर फाइव्ह लायडन. एकाच रुग्णात दोन्ही असतील तर एकाच्या चाचणीत दुसरा ढवळाढवळ करतो.

प्रतिपिंडांचा माग उपदंशाच्या तपासणीत लागला. १९०६च्या वासरमन चाचणीतला नेमका घटक, कार्डिओलिपिन हा फॉस्फोलिपिड (एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ), मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून वेगळा काढला. पुढे उपदंश नसलेल्या, ल्युपस या स्वप्रतिकार आजाराच्या रुग्णांतही ही चाचणी पॉझिटिव्ह येताना दिसली. १९५२ मध्ये कॉन्ली आणि हार्टमन यांना अशा रुग्णांचं रक्त नळीत उशिरा गोठताना आढळलं. १९७२ मध्ये त्याला ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ नाव मिळालं. अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे गोठणं रोखणारा; नाव साफ फसवं! प्रतिपिंडं नळीतल्या, गोठण्याला लागणाऱ्या फॉस्फोलिपिडला अडवतात, म्हणून गोठण्याची वेळ लांबते. शरीरात मात्र गुठळ्याच होतात. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडं एका सूत्रात बांधली.

आनुवंशिक बाजू नॉर्वेत उघडली: १९६५, एगेबर्ग, गोठणं आवरणाऱ्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाची कमतरता. १९९३ मध्ये स्वीडनच्या डालबेक यांनी एपीटीटी या गोठण्याची वेळ मोजणाऱ्या चाचणीच्या नळीत सक्रिय प्रोटीन सी, म्हणजे गोठण्याला ब्रेक लावणारं प्रथिन, घातलं; काही रुग्णांत वेळ हवी तितकी वाढेना. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये कारण सापडलं. फॅक्टर फाइव्ह या गोठण्याच्या प्रथिनात ५०६व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन असतं, त्यामुळे प्रोटीन सीला तिथे कापता येत नाही. युरोपीय वंशात हा बदल बराच आढळतो, भारतात विरळा.

गोम इथेच आहे. डालबेक यांची मूळ चाचणी एपीटीटीवर उभी, आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट एपीटीटी आधीच लांबवतो. मग लायडन बदल नसतानाही, प्रोटीन सी घालून आणि न घालता आलेल्या वेळांचं गुणोत्तर कमी येऊ शकतं. त्यावर उपाय म्हणून रुग्णाचा प्लाझ्मा (पेशी काढलेला रक्तद्रव) फॅक्टर फाइव्ह नसलेल्या प्लाझ्मात पातळ करतात. त्याहून सरळ म्हणजे डीएनए तपासणी, तिला हेपरिन-वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी फरक पडत नाही. प्रोटीन सीला साथ देणाऱ्या प्रोटीन एसच्या मोजणीचं तसं नाही. गरोदरपणात, वॉरफरिनवर आणि कधी या प्रतिपिंडांमुळेही ते घटतं. एका रिपोर्टवरून ‘आनुवंशिक’ ठरवू नये.

उलट बाजूने, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट शोधायला आपल्याकडच्या घोणशीचं विष वापरतात. ते गोठण्याच्या साखळीतला फॅक्टर टेन थेट जागा करतं, आणि गोठायला लागणारी वेळ मोजतात. जादा फॉस्फोलिपिड घातल्यावर लांबलेली वेळ आखडली, तर संशय पक्का. पण रिव्हारॉक्सॅबान हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ही वेळ खोटी लांबते. नमुना दोनदा सेंट्रिफ्यूज करावा (यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या कराव्यात): प्लेटलेट राहिल्या आणि प्लाझ्मा गोठवला, तर फुटलेल्या प्लेटलेटमधलं फॉस्फोलिपिड प्रतिपिंडांना झाकतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आला, तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा. डीएनए तपासणी मात्र एकदाच.