हुकूमशाहीतील गुप्त पोलीस अधिकारी

अनियंत्रित सत्तेच्या रक्षणासाठी नेमलेल्या आणि कायद्यापेक्षा सत्ताधीशाच्या मर्जीला बांधील असलेल्या पोलीस यंत्रणेतील अधिकारी. चोरी-दरोड्याचा छडा लावणारा साध्या वेशातला पोलीस किंवा परमुलखात वावरणारा हेर या व्याख्येत येत नाही. येथे पाळत असते ती आपल्याच प्रजेवर, आणि अटक होते ती बहुधा मतासाठी. प्रस्तुत नोंदीत या अधिकाऱ्यांच्या उत्कर्षाचा व पतनाचा, तसेच सोलापूर परिसराने अनुभवलेल्या अनियंत्रित सत्तांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : या पदाचा उगम सामान्यतः फ्रान्सचा पोलीसमंत्री जोसेफ फूशे (१७५९–१८२०) याच्यापाशी दाखवतात. क्रांतिकाळापासून नेपोलियनपर्यंत त्याने अनेक धन्यांची चाकरी केली आणि अखेर हद्दपारीत त्रिएस्त येथे त्याचा मृत्यू झाला. मराठी मुलखातले उदाहरण म्हणून काही लेखक पुण्याचा कोतवाल घाशीराम याचे नाव पुढे करतात. औरंगाबादहून आलेल्या या उत्तरेकडील ब्राह्मणाची नेमणूक १७७७ च्या सुमारास नाना फडणीसांच्या आश्रयाने झाली. कोतवालीकडे रात्रीची गस्त, बाजारावरील देखरेख आणि शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ही कामे असत; रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्याला चावडीत डांबले जाई. नानांना गुप्त बातम्या पुरवण्याचे कामही तो करी, असे परंपरेने सांगितले जाते. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी एका कोंदट खोलीत कोंडले आणि त्यांतील बरेच जण गुदमरून मेले. मृतांच्या आकड्याबाबत एकवाक्यता नाही. वीसहून अधिक हा आकडा अधिक ठिकाणी आढळतो. माणसे कोंडण्याचा हुकूम त्याने स्वतः दिला की शिपायांनी परस्पर हा प्रकार केला, यावरही मतभेद आहेत. स्वतःचा हुकूम नसला तरी कोतवालीचा असा धाक त्यानेच बसवला होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवाल हे पद उघड होते, त्यामुळे घाशीरामाला काटेकोर अर्थाने गुप्त पोलीस म्हणता येत नाही. मात्र जी कृत्ये केली त्यांच्याचबद्दल शासन होण्याचा या वर्गातील दुर्मीळ प्रसंग त्याच्या वाट्याला आला.

उत्कर्ष आणि पतन : या अधिकाऱ्याचे सामर्थ्य हुद्द्यात नसते, एका माणसाच्या विश्वासात असते. सर्वांच्या भानगडी त्याला ठाऊक असतात आणि त्यात धन्याच्याही येतात. म्हणून तो जितका उपयोगी, तितकाच धोक्याचा ठरतो. सोव्हिएत संघात हे सर्वांत स्पष्ट दिसते. गुप्त पोलिसांचा प्रमुख गेनरिख यागोदा याला १९३६ मध्ये दूर करून १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. त्याचा उत्तराधिकारी निकोलाय येझोव याच्या अमदानीत, १९३७–३८ या दोन वर्षांत, सरकारी दप्तरांनुसारच सुमारे ६ लाख ८१ हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला. फेब्रुवारी १९४० मध्ये तोही त्याच वाटेने गेला. मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारून चालतानाच्या त्याच्या छायाचित्रातून त्याची आकृती पुसून तेथे पाणी रंगवण्यात आले. येझोवनंतर प्रमुख झालेल्या लावरेंती बेरियाला स्टालिनच्या मृत्यूनंतर २६ जून १९५३ रोजी अटक झाली. त्याच दिवशी त्याला घरीच मारले, असे त्याच्या मुलाचे म्हणणे होते. परंतु कोठडीतून त्याने सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध असल्याने २३ डिसेंबर १९५३ ही अधिकृत तारीख मानणे सयुक्तिक ठरते.

या तिघांवर ठेवलेल्या आरोपांत हेरगिरी आणि कट यांना अग्रस्थान होते. ज्या लाखो निरपराधांना त्यांनी संपवले, त्यांच्या आप्तांना या खटल्यांतून न्याय मिळाला नाही. या विषयातील ही सर्वांत जिव्हारी लागणारी बाब आहे आणि ती अन्यत्रही आढळते. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस यंत्रणेचा प्रमुख एरिख मिल्के याच्या हाताखाली १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते. १९९३ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली ती १९३१ मध्ये बर्लिनमध्ये केलेल्या दोन पोलिसांच्या खुनाबद्दल. इराणमध्ये शहाच्या काळातील सावाक या गुप्त पोलीस संघटनेच्या चारही प्रमुखांचा अंत हिंसक झाला : पहिल्याचा, तैमूर बख्तियारचा, १९७० मध्ये इराकमध्ये सावाकच्याच हस्तकांनी खून केला आणि उरलेल्या तिघांना १९७९ च्या क्रांतीनंतर गोळ्या घालण्यात आल्या. दक्षिण कोरियात उलटे घडले. २६ ऑक्टोबर १९७९ रोजी गुप्तचर प्रमुख किम जे-ग्यू यानेच राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना गोळी घातली. पुढील वर्षी तो फासावर गेला. प्रत्यक्ष अत्याचारांबद्दल रीतसर शिक्षा झाल्याचे ठळक उदाहरण चिलीच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख मान्युएल कोन्त्रेरास याचे असून तो २०१५ मध्ये शिक्षा भोगत असतानाच मरण पावला.

सोलापूर परिसर : १९०२–०३ च्या पोलीस आयोगानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतोप्रांती गुन्हे अन्वेषण विभाग उभे राहिले आणि राजकीय चळवळींवरील पाळत त्यांच्याकडे आली. ही यंत्रणा परकीय सत्तेची होती, तरी तिला हुकूमशाहीतील गुप्त पोलीस म्हणणे कितपत योग्य, याबद्दल दुमत आहे. सोलापुरापुरते १९३० साल मात्र वेगळे काढावे लागते. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी गोळीबार झाला, जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले आणि काही दिवस गावातला बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांच्या हाती राहिला. १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. गांधी टोपी घालणे व राष्ट्रध्वज बाळगणे हेही त्या दिवसांत शिक्षेला निमित्त ठरले. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. गिरण्यांच्या आणि विणकरांच्या या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असे सारेच बोलणारे त्या दिवसांत एकत्र उभे होते, आणि त्या चार नावांतही ते दिसते.

जिल्ह्याची पूर्व सीमा निजामाच्या हैदराबाद संस्थानाला लागून होती. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या जाचाला कंटाळून अनेक कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आली. संस्थानातील कार्यकर्त्यांची छुपी शिबिरेही याच पट्ट्यात होती. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हैदराबादवरील कारवाईसाठी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहूनच निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला. रझाकारांचा पुढारी, लातूरचा वकील कासीम रझवी, हा पोलीस अधिकारी नव्हता, पण खासगी दलाला पोलिसांचे अधिकार वापरू दिल्यास काय होते याचा दाखला म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे. त्याला शिक्षा झाली ती बीबीनगर दरोडा खटल्यात. १९५७ मध्ये सुटका होताच तो पाकिस्तानात निघून गेला. मराठवाड्यातील गावे जाळल्याचा जाब त्याला कोणत्याही न्यायालयात द्यावा लागला नाही.