मोठडा: मटकीएवढे कोरे चौकोन

१५ ऑगस्ट २०२४ ला लाल किल्ल्यावर पंतप्रधानांच्या डोक्यावर केशरी-पिवळा-हिरवा राजस्थानी साफा होता. बातम्यांत त्याला ‘लहेरिया प्रिंट’ म्हटले गेले. खरा घोळ याच जोडशब्दात आहे. लहेरिया बांधून रंगवतात, छापत नाहीत.

बांधणीत कापड चिमटीत धरून एकेक ठिपका बांधतात. लहेरियात ओली मलमल एका कोपऱ्यातून तिरकी वळत नेतात, तिचा दोर होतो. त्यावर थोड्याथोड्या अंतरावर दोरा आवळून तो रंगात बुडवतात. आवळलेल्या जागी रंग शिरत नाही, उलगडल्यावर तिरके पट्टे दिसतात. रंग वळकटीच्या गाभ्यापर्यंत पोचायचा तर कापड विरळच हवे, म्हणून साफ्याची मलमल या कामाला सोयीची.

तेच कापड दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा वळून, बांधून रंगवले की मोठडा. पट्टे एकमेकांना छेदतात आणि दोन्ही वेळा दोऱ्याखाली राहिलेली जागा तेवढी कोरी उरते. तो चौकोन मोठेच्या दाण्याएवढा, म्हणून मोठडा. मोठ म्हणजे आपली मटकी. ‘मोठा’शी काही संबंध नाही. रोमन लिपीतून परत येताना मात्र त्याचा ‘मोथरा’ होतो, आणि मग मटकी कोणाला आठवत नाही.

ठिपक्यांच्या बांधणीचा माग अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपर्यंत नेतात. साफ्यांतला लहेरिया बहरला तो एकोणिसाव्या शतकात, जयपूर-जोधपूर-उदयपूरकडे. पाच रंगांचा पंचरंगी शुभ, श्रावणात तीजेच्या सणाला लहेरिया हवाच. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले, रंगाऱ्यांचे काम सोपे झाले आणि छटा भडक झाल्या. १९४९ मध्ये राजस्थान राज्य झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले. दरबारी गिऱ्हाईक सरले. लहेरिया साडी-ओढणीवर तगला. दुप्पट बांधणीचा मोठडा मागे पडला, छपाईने पहिला गळा त्याचाच धरला.

आपल्याकडे लग्नसराईत ‘बांधणी फेटा’ मागितला तर बऱ्याचदा छापील कापडच पुढे येते. ते स्वस्त असते, त्याबद्दल तक्रार नाही. नाव तेवढे दुसरे द्यावे. राजस्थानातले दुकानदार खरा लहेरिया गाठी न सोडताच विकायला ठेवतात. टोकाचे वीतभर उलगडून दाखवतात, बाकी दोरे गिऱ्हाइकाने घरी नेऊन ओढायचे.