टारफुल्याला ज्वारी कळते कशी?

रानात ओल आहे, तरी खरिपाची ज्वारी भर दुपारी माना टाकते, पानं पिवळी पडतात. कारण डोळ्यांना दिसत नाही, मग कुणी ‘नजर लागली’ म्हणतं, कुणी करणीचा संशय घेतं. अशा वेळी बांधावर नारळ फोडण्यापेक्षा एक ताट मुळासकट अलगद खणून काढावं आणि मुळं पाण्यात धुऊन पाहावी. मुळांना चिकटलेले पांढुरके कोंब दिसले, तर तो टारफुला. वीतभर उंचीचं, पांढऱ्या नाजूक फुलांचं हे तण एका हंगामात उगवून मरतं. पण मातीवर डोकं काढण्याआधी काही आठवडे ते पिकाचं पाणी आणि अन्न ओढत असतं.

‘टारफुला निकस रानातच माजतो’ असं जुनी माणसं सांगतात. ते खरं आहे, आणि त्यामागचं कारण मला विलक्षण सुंदर वाटतं.

टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. त्यातली शिदोरी जेमतेम काही दिवसांची. कोंब फुटल्यावर तेवढ्यात यजमानाचं, म्हणजे ज्याच्यावर ते जगतं त्या पिकाचं, मूळ सापडलं नाही, तर खेळ संपला. म्हणून ते बी दहा-दहा वर्षंही मातीत पडून राहतं. ओल आणि ऊब मिळून चालत नाही. जवळच्या मुळातून ‘स्ट्रायगोलॅक्टोन’ नावाची रसायनं पाझरली, तरच ते जागं होतं.

या गटातलं पहिलं रसायन १९६६ साली सापडलं ते कपाशीच्या मुळांतून, जिच्यावर हा टारफुला जगूच शकत नाही! मग झाडं आपल्याच वैऱ्याला उठवणारं रसायन सोडतात तरी कशाला? उत्तर २००५ मध्ये जपानच्या कोहकी आकियामा आणि सहकाऱ्यांनी दिलं. ते रसायन मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीसाठी असतं. त्याचा सुगावा लागताच बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटतात आणि ते मुळात शिरतात. बुरशी लांबून स्फुरद (फॉस्फरस) आणून देते, झाड तिला साखर देतं. हा व्यवहार सुमारे ४० कोटी वर्षं जुना आहे. स्फुरद कमी पडलं की मुळं हे रसायन जास्त सोडतात, आणि टारफुला नेमका तोच माग काढतो. निकस रानात तो का माजतो, ते इथे उलगडतं.

२०१७ मध्ये याच्याही पुढचं कळलं. ज्वारीच्या काही प्रतिकारक वाणांत ‘एलजीएस-१’ हे जनुक निकामी असतं. त्यामुळे मुळांतून ५-डीऑक्सिस्ट्रायगॉलऐवजी मुख्यतः ओरोबँकॉल पाझरतं. दोन्ही स्ट्रायगोलॅक्टोनच, जवळचे नातेवाईक, पण एका जोडणीची अवकाशातली दिशा उलटी. तेवढ्या फरकाने टारफुल्याचं बी बहुतांशी झोपूनच राहतं.

अमेरिकेतल्या कॅरोलायना राज्यांत १९५६ साली हे तण आढळलं, तेव्हा पुढे तिथे मातीत इथिलीन वायू सोडला गेला. त्यानेही बी फसून उगवतं आणि यजमान नसल्याने मरतं. आपल्याकडे तेच काम ज्वारीनंतर घेतलेली कपाशी करू शकते. एका हंगामात मात्र रान साफ होत नाही, कारण एका झाडाला हजारो बिया येतात; म्हणून उगवलेला टारफुला बोंडं धरण्याआधीच उपटावा लागतो.