जुन्या कॅमेऱ्यांचे लाइट सील : फोमच्या पट्टीमागचा इतिहास

साठ-सत्तरच्या दशकांतला एखादा जपानी एसएलआर (आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) कॅमेरा आज हाती आला, तर पुष्कळदा त्याचे शटर चालते, लेन्स स्वच्छ असते आणि धातूचा सांगाडाही शाबूत असतो. मागचे झाकण उघडल्यावर मात्र कडेच्या खाचांत डांबरासारखा काळा, चिकट थर आढळतो. हा थर म्हणजे एके काळचा मऊ फोम होय. यालाच लाइट सील म्हणतात; बाहेरचा प्रकाश फिल्मपर्यंत पोहोचू नये, एवढेच त्याचे काम होते. पन्नास वर्षे टिकणाऱ्या यंत्रात दहा-पंधरा वर्षांत खराब होणारा पदार्थ का बसवला गेला, याचे उत्तर फोमच्या आधीच्या काळापासून पाहिले तरच नीट लागते.

आरंभीच्या रोल फिल्मला स्वतःचे संरक्षण होते. 1901 मध्ये आलेल्या 120 फिल्मसारख्या रोलमागे पूर्ण लांबीचा कागद असे आणि त्यावरचे आकडे झाकणातल्या छोट्या लाल खिडकीतून वाचता येत. त्या काळच्या फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ प्रतिसाद देत नसत, म्हणून ही उघडी खिडकी खपून जाई. पुढे सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाल्या आणि त्याच खिडकीवर सरकते झाकण बसवणे गरजेचे ठरले. फिल्म जसजशी सुधारत गेली, तसतशी कॅमेऱ्याच्या पेटीकडून असलेली अपेक्षा वाढत गेली, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

35 मिमी फिल्मला कागदाचे पाठबळ नव्हते, त्यामुळे अंधार राखण्याची सारी जबाबदारी कॅमेऱ्यावर आली. 1925 मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने हा प्रश्न रचनेनेच सोडवला. त्याला मागे उघडणारे झाकण नव्हतेच. तळाची पट्टी काढून फिल्म खालून आत सरकवावी लागे. सांधे कमी, आणि जे होते तिथे धातूच्या कडा एकमेकींत अडकणाऱ्या. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे अशा वळणावळणाच्या फटीत शिरलेला किरण काळ्या, चमक नसलेल्या पृष्ठभागावर आपटत जातो. दर वेळी 5 टक्केच प्रकाश परावर्तित होतो असे धरले, तर तीन वळणांनंतर मूळ प्रकाशाचा सुमारे आठ हजारावा भाग उरतो. धातू झिजत नाही, तोवर या रचनेला देखभाल लागत नाही; म्हणूनच त्या काळचे कॅमेरे आजही पुष्कळदा सीलच्या तक्रारीशिवाय चालतात.

खालून फिल्म भरणे मात्र किचकट होते. 1934 मध्ये कोडॅकने 35 मिमी फिल्मची, उजेडात भरता येणारी 135 कॅसेट आणि तिच्याबरोबर रेटिना कॅमेरा आणला. या कॅसेटच्या तोंडाशी प्रकाश अडवणारी मखमलीची पट्टी असते आणि ती आजही तशीच आहे. बिजागरीवर उघडणाऱ्या मागच्या झाकणाने फिल्म भरणे सोपे झाले, पण प्रकाशाला शिरायला लांब सांधा मिळाला. पुढची काही दशके त्यावरचा उपाय म्हणजे खोल खाच, तिच्यात बरोबर बसणारी झाकणाची कड आणि अनेक कॅमेऱ्यांत खाचेच्या तळाशी लोकरीचा काळा दोरा किंवा मखमल. हे साहित्य दशकानुदशके टिकते.

फोमचा मार्ग रसायनशास्त्रातून आला. पॉलियुरेथेनचा शोध 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांच्या चमूने लावला आणि त्याचा लवचीक फोम पन्नासच्या दशकात व्यापारी प्रमाणावर बनू लागला. त्याच दशकात एसएलआर कॅमेऱ्याचे रूपही बदलत होते. 1954 च्या असाहीफ्लेक्स आयआयबी या मॉडेलमध्ये शटरनंतर आपोआप खाली येणारा आरसा आला. हा आरसा प्रत्येक छायाचित्राला वेगाने वर आदळतो. त्याला मऊ आधार हवा, आणि वर असताना व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) येणारा प्रकाशही अडवायला हवा. ही दोन्ही कामे फोमची एक अरुंद पट्टी करते. मागच्या झाकणासाठीही फोम सोयीचा होता: तो दाबला जातो, त्यामुळे झाकणाच्या मापात थोडा फरक असला तरी भागते आणि खाच उथळ ठेवता येते. त्याच्या पट्ट्या कापून डिंकाने चिकटवणे जुळणीच्या कामातही सोपे. ही निवड निष्काळजीपणाची होती असे मला वाटत नाही. कॅमेरा अधूनमधून दुरुस्ती केंद्रात जाईल आणि साफसफाईबरोबर पट्ट्याही बदलल्या जातील, असे गृहीत धरणे त्या काळी वाजवीच होते.

फोम बिघडतो तो वापरामुळे नव्हे. पॉलिएस्टर प्रकारच्या पॉलियुरेथेनमध्ये हवेतली आर्द्रता रेणूंच्या साखळ्या तोडते. या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते पुढची तूट आणखी वेगाने घडवते. म्हणून खोक्यात न वापरता ठेवलेल्या कॅमेऱ्याचीही यातून सुटका नसते आणि उष्ण, दमट हवेत हे लवकर घडते. पॉलिईथर प्रकार आर्द्रतेला अधिक दाद देत नाही, पण प्रकाश आणि ऑक्सिजन यांमुळे त्याचा भुगा होतो. फोमच्या वस्तू जपणाऱ्या संग्रहालयांनाही नेमका हाच प्रश्न छळतो.

दोष फिल्मवर कसा उमटतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत खाली, पारदर्शक आधाराला लागून असतो. मागच्या झाकणातून आलेला प्रकाश फिल्मच्या पाठीकडून शिरतो, म्हणून तो आधी याच थराला गाठतो आणि प्रिंटवर नारिंगी-लाल पट्टा दिसतो. हा पट्टा छायाचित्राच्या चौकटीबाहेर, फिल्मच्या छिद्रांच्या कडेपर्यंत पसरलेला असेल, तर सीलवर संशय घ्यावा; चौकटीच्या आतच थांबला असेल, तर दोष शटरकडे किंवा आरशाकडे शोधावा. 1976 मध्ये फुजीची एफ-टू 400 ही रंगीत निगेटिव्ह फिल्म आली. अशा वेगवान फिल्म रुळल्यावर पूर्वी नजरेआड राहिली असती अशी गळतीही उठून दिसू लागली.

झाकणाच्या कडेपुरते हे प्रकरण थांबत नाही. 1972 पासून बनलेल्या ऑलिंपस ओएम-1 मध्ये प्रिझमला (दृश्य व्ह्यूफाइंडरकडे वळवणाऱ्या काचेला) लागून बसवलेला फोम विरघळला की त्याचा चांदीचा लेप खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये कायमचे डाग दिसतात. कॅननच्या 1987 पासूनच्या इओएस मालिकेतील सुरुवातीच्या काही मॉडेलांत शटरच्या पात्यांना थांबवणारा मऊ तुकडा वितळून पात्यांना चिकटतो. झाकणाची गळती एक रोल वाया घालवते, ही बिघाडे मात्र कॅमेराच निकामी करू शकतात. माझ्या मते त्यांच्याकडे आधी लक्ष द्यावे.

2006 मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवले, कोनिका मिनोल्टा कॅमेऱ्यांच्या व्यवसायातूनच बाहेर पडली आणि ज्या सेवा व्यवस्थेच्या भरवशावर फोम निवडला गेला होता, ती विरळ होत गेली. पट्ट्या बदलण्याचे काम मालकाच्या टेबलावर आले आणि मॉडेलनुसार कापलेल्या, मागे डिंक असलेल्या पट्ट्यांचे संच विकले जाऊ लागले. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडी यांनी काढताना भुगा शटरच्या पडद्यावर पडू न देणे, हाच या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. अनेक 35 मिमी कॅमेऱ्यांच्या लांब खाचांना सुमारे 1.5 मिमी जाडी पुरते. जाड पट्टी लावली, तर झाकणाची कडी बसत नाही किंवा झाकणावर ताण येतो. खाच पुरेशी खोल असेल, तर काही दुरुस्तीकार आता पुन्हा काळ्या लोकरीचा दोरा घालतात, आणि तो फोमपेक्षा अधिक टिकतो. आरशाच्या पट्टीला मात्र फोमच लागतो, कारण तिथे धक्का शोषायचा असतो. तो जाड झाला, तर आरसा पुरता वर जात नाही आणि चौकटीची एक कड काळी पडते.