डॉक्टर-नर्सवर हल्ला झाल्यास मुंबईत गुन्हा कसा नोंदवायचा?

कॅज्युअल्टीत नातेवाइकांनी कॉलर धरली आणि पोलीस ठाण्यात ‘एनसी करून घ्या’ (म्हणजे फक्त अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असं सांगितलं, तर तिथेच थांबू नका. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे: महाराष्ट्र मेडिकेअर सर्व्हिस पर्सन्स अँड मेडिकेअर सर्व्हिस इन्स्टिट्यूशन्स (प्रिव्हेन्शन ऑफ व्हायोलन्स अँड डॅमेज ऑर लॉस टू प्रॉपर्टी) अ‍ॅक्ट, २०१०. त्याखालचा गुन्हा दखलपात्र (पोलीस थेट एफआयआर नोंदवून तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. (सात वर्षांची शिक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती साथरोग कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीतली, साथीच्या काळापुरती.)

संरक्षण कोणाला? नोंदणीकृत डॉक्टर, नर्स, मेडिकल-नर्सिंगचे विद्यार्थी आणि पॅरामेडिकल कर्मचारी यांना. केईएम, सायन, नायरसारखी पालिका रुग्णालयं येतात, तशी नोंदणीकृत खासगी नर्सिंग होमही. मार बसलाच पाहिजे असं नाही. धमकी आणि कामात अडथळाही यात बसतो. पालिकेच्या किंवा सरकारी नोकरीत असाल तर भारतीय न्याय संहितेची कलमं १२१ आणि १३२ लावण्याचीही मागणी करा.

आधी ११२ ला फोन. इजा असेल तर लगेच एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस केससाठी इजेची वैद्यकीय नोंद) करून घ्या. आपल्याच रुग्णालयात आहोत, नंतर बघू, म्हणून हीच गोष्ट राहून जाते. तक्रारीत मोघम ‘गैरवर्तन केले’ लिहू नका. ‘रात्री २.१० वाजता मेडिकल वॉर्डमध्ये ड्युटीवर असताना रुग्णाच्या भावाने सलाईनचा स्टँड उगारला’ असं लिहा आणि २०१० च्या कायद्याचं नाव त्यातच घाला.

सोबत ओळखपत्र, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, त्या दिवसाचा ड्युटी रोस्टर, एमएलसीची प्रत, फोटो आणि साक्षीदारांची नावं द्या. सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याचं पत्र प्रशासनाला त्याच दिवशी द्या, कारण जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. तोडफोड झाली असेल तर उपकरणांच्या खरेदीची बिलं शोधा: दोषी ठरलेल्याकडून खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई मिळू शकते.

तक्रार शक्यतो संस्थेच्या नावाने जावी; एकट्या रेसिडेंट (निवासी) डॉक्टरवर समझोत्याचा दबाव फार येतो.

हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर) मागा. ऑनलाइन तक्रार दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर तक्रार पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा. तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.