मेडिकल स्कूलच्या आधीचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट: कुणी करावं, कसं निवडावं, कागदपत्रं कुठली लागतात

अमेरिकेत एमडीसाठी (तिथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) अर्ज केला की अ‍ॅमकास ही केंद्रीय यंत्रणा तुमच्या सगळ्या कॉलेजांच्या ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, तपासते आणि गुणांचा एक तक्ता तयार करते. आडव्या ओळी फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर अशा, म्हणजे पदवीच्या चार वर्षांच्या. त्यांच्याखाली पदवीनंतर घेतलेल्या पण पदवीच्याच पातळीवरच्या कोर्सेसची ओळ, मग पदवीची एकूण ओळ, आणि वेगळी, ग्रॅज्युएट म्हणजे आपल्याकडच्या पदव्युत्तर पातळीची ओळ. उभे रकाने तीन: बायॉलजी-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्स, बाकीचे विषय, आणि दोन्ही मिळून.

माझ्या भाचीने पदवीनंतर, मेडिकल स्कूलच्या आधी, वर्षभर रात्री जागून ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पूर्ण केलं आणि तो तक्ता उघडला. "मावशी, माझा जीपीए हललाच नाही गं," एवढंच म्हणाली. मेहनतीचे सगळे 'ए' ग्रेड ग्रॅज्युएटच्या ओळीत जाऊन बसले होते. पदवीचा जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, ३.२ वर जिथल्या तिथे. प्रवेश घेताना तिला सांगितलं गेलं होतं की या वर्षाने जीपीए सुधारतो. कुठल्या ओळीतला, हे तिने विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. त्या एका प्रश्नासाठीच हे सगळं लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण घरातल्या मोठ्यांना हे समजावताना माझी दमछाक झाली आहे. आपल्याकडे बारावी, नीट, की थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, कुठल्याही विषयातली. 'प्री-मेड' नावाची पदवी नसते. बायॉलजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री, त्यांच्या लॅब आणि इंग्लिश एवढे विषय पूर्ण करायचे आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात येतात. २०२३-२४ साली एमडीला ५२,५७७ जणांनी अर्ज केले आणि २२,९८१ जणांनी प्रवेश घेतला. प्रवेश घेतलेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता आणि एमकॅट ५११.७. म्हणजे ३.२ वाला मुलगा हुशार असला तरी यादीत मागे राहतो. अशा मुलांसाठी, आणि दुसऱ्या क्षेत्रातून उशिरा वैद्यकाकडे वळणाऱ्यांसाठी, मधल्या वर्षाचे हे अभ्यासक्रम आहेत.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

लोक सरसकट 'पोस्टबॅक' (पदवीनंतरचं शिक्षण) म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार क्षेत्र बदलणाऱ्यांचा. कॉमर्स, कॉम्प्युटर किंवा संगीतात पदवी घेतली आणि केमिस्ट्रीचा एकही कोर्स झालेला नाही, अशांसाठी. इथे कोर्सेस पदवीच्या पातळीचे असतात. दुसरा प्रकार विषय पूर्ण झाले पण गुण कमी पडले अशांचा. यातही बरेचदा पदवीच्या पातळीचे वरच्या वर्गाचे कोर्स घेतात. तिसरा ग्रॅज्युएट पातळीचा. त्यात एक वर्षाचं सर्टिफिकेट येतं आणि 'स्पेशल मास्टर्स' म्हणजे एसएमपी येतात. जॉर्जटाउन विद्यापीठाचा फिजिऑलॉजीतला एसएमपी यातला जुना आणि नावाजलेला. सर्टिफिकेटचं उदाहरण हवं तर रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचं प्रीमेडिकल ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पाहा. सर्व प्रकारांची यादी एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या पोस्टबॅक डेटाबेसमध्ये मोफत शोधता येते.

आता हिशेब. समजा पदवीचे १२० क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) आणि जीपीए ३.२. गुणिले केले तर ३८४. यात पदवीच्या पातळीचे २४ क्रेडिट घेतले आणि सगळे ए मिळवले, तर आणखी ९६. एकूण ४८० भागिले १४४, म्हणजे ३.३३. हेच २४ क्रेडिट ग्रॅज्युएट पातळीचे घेतले तर पदवीची ओळ ३.२० वरच राहते आणि ग्रॅज्युएटच्या ओळीत ४.०० दिसतो. दोन्हीची मेहनत तेवढीच.

मग ग्रॅज्युएट सर्टिफिकेट निरुपयोगी का? अजिबात नाही. ज्याचा जीपीए ३.४-३.५ च्या आसपास आहे, एमकॅट चांगली आहे आणि प्रवेश समितीच्या मनात एवढीच शंका आहे की 'याला मेडिकल स्कूलचा वेग झेपेल का', त्याच्यासाठी हे नेमकं औषध आहे. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, अ‍ॅनॅटॉमी मेडिकल स्कूलच्याच प्राध्यापकांकडे शिकून ए आणला की शंकेचं उत्तर कागदावर येतं. पण ज्याचा जीपीए ३.० च्या खाली आहे त्याने आधी पदवीच्या पातळीचे कोर्स घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. आणि ज्याची एमकॅट कमी आहे त्याने एमकॅटच करावी. ती वर्षात ३ वेळा, सलग दोन वर्षांत ४ वेळा आणि आयुष्यात ७ वेळाच देता येते, म्हणून सर्टिफिकेटच्या अभ्यासाबरोबर घाईघाईत उरकू नये.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

कोर्सेस ट्रान्स्क्रिप्टवर ग्रॅज्युएट म्हणून येतात की पदवीच्या पातळीचे, हा पहिला प्रश्न. उत्तर ईमेलवर लेखी घ्या. वर्ग मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबर असतात का, तीच परीक्षा असते का, हे दुसरं. तिसरं 'लिंकेज'चं: स्वतःच्या मेडिकल स्कूलमध्ये ठरावीक गुणांवर मुलाखत नक्की मिळते की 'विचार केला जातो'? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चौथं, कमिटी लेटर, म्हणजे संस्थेच्या समितीचं एकत्रित शिफारसपत्र, देतात का आणि कुठल्या महिन्यात.

आणि यशाचा टक्का सांगितला की लगेच विचारा, कितीपैकी? प्रवेश घेतलेल्या सगळ्यांपैकी, की शेवटपर्यंत टिकून अर्ज केलेल्यांपैकी? किती वर्षांत? एमडी किती, डीओ (ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची, डॉक्टर होण्याचीच दुसरी पदवी) किती, आणि त्यात डेंटल आणि फिजिशियन असिस्टंटही धरले आहेत का? चांगला कार्यक्रम हे आकडे आढेवेढे न घेता देतो.

पात्रता आणि कागदपत्रं

मान्यताप्राप्त संस्थेची पदवी लागतेच. बहुतेक ठिकाणी किमान जीपीए ३.० च्या आसपास मागतात, वर उल्लेख केलेले विषय पूर्ण झालेले हवे असतात, आणि काही ठिकाणी एमकॅट किंवा जीआरई या ग्रॅज्युएट प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात. अर्ज काही संस्था स्वतःच्या संकेतस्थळावर घेतात, काही पोस्टबॅककास या सामायिक यंत्रणेतून.

कागदांत सर्वांत त्रास देतात त्या ट्रान्स्क्रिप्ट. 'सगळ्या' म्हणजे खरोखर सगळ्या: शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेला एखादा कोर्स, उन्हाळ्यात दुसरीकडे केलेलं कॅल्क्युलस, मध्येच सोडून दिलेला वर्गसुद्धा. पुढे अ‍ॅमकासलाही हे सगळं द्यायचंच असतं, म्हणून आताच एका वहीत कॉलेज, वर्ष, क्रेडिट लिहून ठेवा. त्याशिवाय दोन-तीन शिफारसपत्रं (निदान एक विज्ञानाच्या प्राध्यापकाचं), उद्देशपत्र, बायोडेटा. प्रवेश मिळाल्यावर लसीकरणाच्या नोंदी. लहानपणीचं लसीचं कार्ड भारतात राहिलं असेल तर आजी-आजोबांना कपाट उघडायला आत्ताच सांगा. नाही सापडलं तर रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती दाखवता येते किंवा डोस पुन्हा घेता येतात.

उद्देशपत्रात कमी गुणांबद्दल दोन-तीन सरळ वाक्यं लिहावीत: काय झालं, काय बदललं. सबबींची माळ लावू नये आणि मुद्दा टाळूही नये.

भारतातून बीएस्सी करून आलेल्यांसाठी: पदवीचं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (ती अमेरिकेतल्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीची, याचा दाखला) आणि बरेचदा टोफेल ही इंग्लिशची परीक्षा लागते. पण मोठी अडचण पुढे आहे. अमेरिका-कॅनडाबाहेरचे कोर्स अ‍ॅमकास पडताळत नाही, जीपीएत धरत नाही, आणि बहुतेक मेडिकल स्कूलना इथल्या संस्थेतलं भरपूर शिक्षण हवं असतं. एक वर्षाच्या सर्टिफिकेटने ती अट सहसा भागत नाही. आणि एमबीबीएस झालेल्यांचा हा रस्ताच नव्हे, त्यांच्यासाठी ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि यूएसएमएलई या परवाना-परीक्षा.

पैसा आणि व्हिसा

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. एच-४ (पालकांच्या नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेल्यांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असलेल्या मुलांना नाही. शिवाय प्रत्येक सर्टिफिकेट फेडरल मदतीला पात्र असतंच असं नाही, हे त्या संस्थेच्या फायनान्शियल एड कार्यालयालाच विचारा.

१ जुलै २०२६ पासून नियम बदलतात. नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचं फेडरल कर्ज बंद. ग्रॅज्युएट शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १,००,००० पर्यंत. मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. आयुष्यभराच्या सगळ्या फेडरल विद्यार्थी-कर्जाला मिळून २,५७,५०० ची मर्यादा. म्हणून सर्टिफिकेटसाठी काढलेला प्रत्येक डॉलर पुढच्या चार वर्षांच्या हिशेबात मोजून पाहा. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा कार्यक्रम आणि घरी राहणं यांत लाज वाटण्यासारखं काही नाही.

एच-४ वरच्या मुलांचा २१वा वाढदिवस हा खरा गंभीर विषय आहे. त्या दिवशी अवलंबितांचा दर्जा संपतो. ग्रीन कार्ड हातात नसेल तर त्याआधी एफ-१ ची तजवीज लागते, त्यासाठी आय-२० (संस्था देते तो प्रवेशाचा फॉर्म) आणि निधीचा पुरावा. पदवी होईपर्यंत मुलं बहुधा २१-२२ची होतातच, त्यामुळे सर्टिफिकेटच्या वेळी हा प्रश्न आलाच म्हणून समजा. वकिलाचा सल्ला वर्षभर आधी घ्या. शिवाय बऱ्याच मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण फीची मोठी रक्कम आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाईताकडच्या राखीव खात्यात, ठेवायला सांगतात. कुठली शाळा घेते ते एएएमसीच्या एमएसएआर या मेडिकल स्कूलच्या माहितीकोशात पाहून मगच सर्टिफिकेटवर खर्च करावा.

ते वर्ष आणि वेळापत्रक

सर्टिफिकेट साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपतं. अ‍ॅमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या शेवटी पाठवता येतो, आणि पडताळून शाळांकडे जूनअखेर पोचू लागतो. म्हणजे दोन मार्ग उरतात. सर्टिफिकेट सुरू होण्याआधीच्या जूनमध्ये अर्ज केला तर एकही नवा गुण दिसत नाही. कोर्स 'पुढे घेणार' म्हणून नोंदवायचे आणि डिसेंबरचे गुण आले की प्रत्येक शाळेला स्वतः कळवायचे. वर्ष संपल्यावर अर्ज केला तर सगळं दिसतं, पण मेडिकल स्कूल सुरू व्हायला आणखी एक वर्ष जातं. लिंकेज पक्का असेल तर पहिला मार्ग, नसेल तर दुसरा बरा. मधल्या वर्षात रुग्णालयात स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून काम करता येतं आणि घरखर्चाला हातभार लागतो.

वर्ष चालू असताना मात्र दुसरं काही नको. पदवीतले बी समिती समजून घेते, कारण सुधारणा दाखवायला जागा असते. सर्टिफिकेटमध्ये बी आले तर शेवटचा पुरावाच उलटा जातो. भाचीने पहिल्या सहा आठवड्यांत आठवड्याला वीस तासांची नोकरी धरली होती. फिजिऑलॉजीच्या पहिल्या परीक्षेत ७४ आले, त्याच संध्याकाळी तिने नोकरी सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापक बाईंच्या ऑफिस अवर्सना (शंका विचारायच्या वेळेला) पहिल्या रांगेत बसू लागली. त्याच बाईंनी पुढे तिचं शिफारसपत्र लिहिलं, आणि त्यात त्या ७४चा उल्लेख होता.

मेमध्ये निकाल लागला की ट्रान्स्क्रिप्ट मागवण्याआधी रजिस्ट्रारच्या पोर्टलवर शेवटचा गुण आणि सर्टिफिकेट पूर्ण झाल्याची नोंद दोन्ही दिसतात ना, हे पाहा. तिची ट्रान्स्क्रिप्ट दोन दिवस आधी निघाली, एक कोर्स 'चालू' असाच छापून गेला. पुन्हा मागवून ती पोचेपर्यंत अर्ज रांगेतच लागला नाही, कारण सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट हातात आल्याशिवाय पडताळणी सुरू होत नाही. मागवताना अ‍ॅमकासचा विनंती-फॉर्म जोडा, म्हणजे कागद नेमका तुमच्याच अर्जाला जुळतो.