पार्श्वभूमी: दिवसाआडचा नळ आणि घरातलं पाणी

पहिला मोठा पाऊस झाला की लहान शहरांत नगरपालिकेची रिक्षा फिरते: ‘नागरिकांनी पाणी उकळून, गाळून प्यावे.’ चार-आठ दिवस नळाला गढूळ पाणी येतं, तुरटीचा खडा फिरवला जातो, प्रभागातल्या तक्रारी छापून येतात आणि विषय मागे पडतो. खापर नदीवर फुटतं. नदी निर्दोष नाही. पण शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना ठीक असलेलं पाणीही स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत बिघडू शकतं. महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांनी पाणी वाटण्याची जी रीत अंगवळणी पाडून घेतली आहे, तिच्याकडे त्यासाठी पाहावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. औरंगाबादची नहर सतराव्या शतकातली, कात्रजचं पाणी पुण्याच्या हौदांत आलं ते १७५० च्या सुमारास, आणि विहार तलावातून मुंबईला नळाने पाणी मिळू लागलं ते १८६० मध्ये. नहर आणि कात्रजचा नळ या दोन्हींत पाणी उताराने वाहत असे. चावी फिरवून ते गल्लीगल्लीत वाटायची पद्धत नव्हती. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत नळ आला तो बराच नंतर: एक जॅकवेल (नदी-तलावातून पाणी उचलायची विहीर), एक उंच टाकी, बिडाचे पाइप आणि चौकाचौकात सार्वजनिक नळ. मग घरोघर जोडण्या झाल्या. बिडाच्या जागी कुठे सिमेंटचे, कुठे प्लास्टिकचे पाइप आले. गाव वाढलं, टाकी तेवढीच राहिली.

१९७२ च्या दुष्काळाने दोन सवयी लावल्या. एक म्हणजे बोअर. नळ नसेल तर बोअर, आणि पुढे नळ असला तरी बोअर. दुसरी म्हणजे पाणीकपात. त्यानंतरच्या प्रत्येक टंचाईत कपात आली आणि बऱ्याच ठिकाणी ती पावसाळा आला तरी पूर्ण उठली नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत त्यात विजेची भर पडली. पंप चालायला वीज नाही, म्हणून टाकी भरत नाही, म्हणून अर्ध्या गावाला आज आणि अर्ध्याला उद्या. ‘एक्स्प्रेस फीडर’, म्हणजे पंपांसाठी भारनियमनातून वगळलेली स्वतंत्र वीजवाहिनी, आल्यावर विजेचं कारण उरलं नाही, दिवसाआडचं वेळापत्रक मात्र उरलं. मनमाडसारख्या ठिकाणी दोन पाण्यांतलं अंतर पंधरा-पंधरा दिवसांवर गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याची छायाचित्रं देशभर गेली. ज्या शहरांत धरण भरलेलं असतानाही दिवसाआडच पाणी येतं, त्यांची छायाचित्रं कोण काढणार?

दिवसाआड पाणी देण्याचा निर्णय दिसतो त्यापेक्षा अधिक वादाचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं.

बाजूने सांगितलं जातं ते असं. साठवण कमी आहे, टाक्या अपुऱ्या आहेत, सगळ्यांना एकाच वेळी पाणी सोडलं तर शेवटच्या टोकाला दाब मिळत नाही. विभाग पाडून पाळीपाळीने दिलं तर निदान प्रत्येकाला काही तरी मिळतं. व्हॉल्व्हमनच्या जागी उभं राहून पाहिलं तर हे खोटं नाही. चढावरच्या वस्तीला पाणी पोहोचवायचं असेल तर खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह त्याला आवळावाच लागतो.

पण त्याने पाणी वाचतं हा दावा तपासण्यासारखा आहे. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात काय होतं? पिंप, हंडे, बादल्या, घागरी सगळं भरून ठेवलं जातं. तिसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की उरलेलं ‘शिळं पाणी’ मोरीत किंवा अंगणात ओतून भांडी पुन्हा भरली जातात. पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्याने नळाला तोटीच बसवलेली नसते. पाणी आलं की आवाजाने कळावं, हा हेतू. भांडी भरल्यावर तो नळ गटारात वाहत राहतो. मीटर नसलेल्या, वार्षिक ठोक पट्टीच्या गावात याचा हिशेब कुणालाच द्यावा लागत नाही. गळती थांबते ती फक्त पाइप रिकामा असताना.

आणि धोका नेमका त्या रिकाम्या पाइपातच आहे. वाहिनीत दाब असेल तोवर फटीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की वाहिनी उतरते, आत पोकळी होते आणि त्याच फटीतून बाहेरचं आत येतं. बाहेर काय असतं ते जुन्या गावठाणात कुठेही वाकून पाहता येतं. मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपासून, म्हणजे घरची जोडणी जिथून निघते त्या तोटीपासून, घरापर्यंत आलेला अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप उघड्या गटारातून आडवा गेलेला असतो, सांध्यावर गंज, गंजावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पिवळट, वासाचं पाणी म्हणजे या पट्टीतून आत शिरलेलं सगळं. जुनी माणसं ते सोडून देतात आणि मग हंडा लावतात, ते योग्यच आहे.

या पोकळीला घरातून मदत मिळते ती मोटारीची. दाब कमी म्हणून एकाने नळाला टिल्लू मोटार लावली की शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, मग शेजारीही लावतो. मोटार पाणी ओढते तशी गटारातली घाणही ओढते. पालिका अधूनमधून मोटारजप्तीची मोहीम काढते. तासाभरात बातमी गल्लीत पसरते आणि मोटारी माळ्यावर जातात. या मोटारीचा दुसरा धोका त्याहून थेट आहे. ओल्या मोरीत, जोड दिलेल्या वायरवर, अर्थिंग नसलेल्या प्लगला ती लावली जाते, आणि लावणारा अनवाणी, हात ओले. अशा वेळी जीव वाचवू शकतं ते आरसीसीबी, म्हणजे ३० मिलिअँपिअर वीज बाहेर गळली की पुरवठा तोडणारं बटण. ते जुन्या वायरिंगच्या घरांत क्वचितच असतं. दाराशी खणलेली, पत्र्याने झाकलेली जमिनीखालची टाकी हा लहान मुलांसाठी वेगळाच सापळा.

साठवणीचा आणखी एक परिणाम डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा, असं आरोग्य खातं सांगतं. ज्या गावात दहाव्या दिवशी पाणी येतं त्या गावात हा सल्ला कसा पाळायचा, हे पत्रकावर लिहिलेलं नसतं.

काविळीचा इतिहास इथे आठवायला हवा. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं आणि नाल्याचं सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. केंद्रावर क्लोरीन आणि तुरटी वाढवली गेली. विषमज्वर वाढला नाही, पण सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू तगला, असा त्याचा अर्थ. ती कावीळ ‘ए’ प्रकारची नव्हती, हे कळायला पुढे पंचवीस वर्षं लागली. आज तिला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली आणि बळी गेले. पंचगंगेचं प्रदूषण आणि शहरातल्या गळक्या वाहिन्या, दोन्हींवर तेव्हा बोट ठेवलं गेलं. पुढची वर्षं मात्र नवं पाणी कुठल्या नदीतून आणायचं यातच गेली. आधी वारणा, तिला काठच्या गावांचा विरोध. मग दूधगंगा, तिलाही विरोध. गल्लीतला पाइप या सगळ्यात मागे पडला. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पुन्हा पाण्याकडेच बोट गेलं. शहर मोठं असलं तरी तो भाग महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचा होता.

मग तपासणी काय सांगते? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १९८३ पासून आहे, सध्याचं २०१२ चं. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा मैल्यातून येणारा जिवाणू एकही नको, नळाच्या टोकाला उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. बाटलीबंद पाण्याला २००१ मध्ये मानकाचा शिक्का सक्तीचा झाला. नळाच्या पाण्याला हे मानक पाळण्याची तशी सक्ती झाली नाही. २०१९ मध्ये २१ शहरांचे नमुने तपासून यादी जाहीर झाली, मुंबई सगळ्या कसोट्यांवर उतरली, दिल्ली तळाला गेली आणि आठवडाभर राजकारण रंगलं. ती यादी दिल्लीची आणि राज्यांच्या राजधान्यांची होती. तालुक्याच्या गावांत क्लोरीन पाहायची ओटी टेस्ट असते: थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. ती टाकीखाली केली तर पिवळी येते. खरी गंमत शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळावर आहे.

या अविश्वासावरच पाणी शुद्ध करणारी यंत्रं दारोदार विकली गेली. विक्रेता दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवतो. त्याच्या यंत्राचं पाणी जवळपास तसंच राहतं, नळाचं तांबूस गढूळ होतं. तो तांबूसपणा पाण्यातल्या घाणीचा नसून त्या कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळतं, एवढंच. चांगल्या विहिरीच्या पाण्याचंही असंच होईल. आरओ क्षार काढतं. बोअरच्या मचूळ पाण्याला ते लागतं. नदीच्या गोड्या पाण्यात क्षार कमीच असतात, तिथे प्रश्न जंतूंचा असतो आणि तो उकळून सुटतो. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ नको, असा आदेश २०१९ मध्ये पर्यावरणाच्या न्यायाधिकरणाने दिला होता. दुकानांत त्याचा फारसा फरक दिसला नाही.

दिवसाआडच्या रीतीला पर्याय नव्हता असं म्हणता येत नाही. २००९ च्या सुमारास कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापराबरोबर चढणारा दर ही योजना चालवून दाखवली, आणि तेव्हा ती नगरपंचायत होती. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना अखंड आणि बाकीच्यांना खंडित पुरवठा होता. तिथल्या नळांच्या अभ्यासात खंडित भागातल्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय सापडला, अखंड भागात एक टक्क्याहून कमी. अतिसारात मात्र एकंदर फरक पडला नाही, विषमज्वरात पडला. हेही सांगायला हवं, कारण चोवीस तासांचे समर्थक ते गाळतात. २०२१ मध्ये पुरी शहराने थेट नळाचं पाणी प्यायची हमी दिली.

विरोध होतो तो बहुधा मीटरला. चोवीस तास म्हणजे खासगीकरण, अशी धास्ती अनेक शहरांत आहे आणि काही ठेक्यांचा अनुभव पाहता ती अगदीच निराधार नाही. २०१५ पासून केंद्राच्या शहरी योजनांतून नव्या वाहिन्या टाकल्या गेल्या. रस्ते खणले, नवा पाइप पुरला, उद्घाटन झालं. पण नवी वाहिनी सुरू झाल्यावरही बऱ्याच गल्ल्यांत जुनी चालूच आहे, कारण तिच्यावरच्या गटारातल्या जोडण्या तोडून नव्या वाहिनीवर घ्यायच्या तर दर घरासमोर खड्डा, नवा फेरूल आणि नवा पाइप लागतो. त्याचा खर्च नळधारकाने करायचा की पालिकेने, यावर अनेक शहरांत काम अडलं आहे.